एक छेद दोन अधिक एक छेद तीन

मी मूळची लातूरची. आई-वडील दोघंही शिक्षक, गणिताच्या शिकवण्या घरातच चालायच्या. त्यामुळं मुखेड तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेवर पहिल्यांदा रुजू झाले तेव्हा, इथं आपल्याला कुणाकडून काही शिकायचं नाही, असं मला वाटायचं. तोंडानं कधी बोलले नाही, पण वागण्यात दिसत असणार.

शाळेत आम्ही चौघं. त्यात पन्नाशीच्या एक मॅडम होत्या, पोरं त्यांना मोठ्या बाई म्हणत. मधलं एक वर्ष सोडलं तर सगळी नोकरी त्यांनी पहिली-दुसरीवर काढलेली. त्यांच्या हाताखालची पोरं दिवाळीपर्यंत घडाघडा वाचायला लागत. मी रुजू झाले त्या वर्षी एक गुरुजी बदलून गेले आणि पाचवीचा वर्ग मोठ्या बाईंकडं आला.

एकदा शाळा सुटल्यावर आम्ही दोघी फाट्यावर एसटीची वाट बघत बसलो होतो. त्यांनी पिशवीतून वही काढली.

"मॅडम, एक विचारू का? हसू नका."

वहीत एक छेद दोन अधिक एक छेद तीन असं गणित होतं. उत्तर लिहिलं होतं दोन छेद पाच. वरचे आकडे वर मिळवलेले, खालचे खाली.

"पुस्तकात पाच छेद सहा हाय. कसं आलं, तेच कळंना."

मी हसले नाही, एवढं मात्र खरं. वहीचं पान फाडून सारख्या लांबीच्या पट्ट्या केल्या. पहिली मधोमध दुमडली, दुसरी तीन घड्यांत. मग दोन्हींचे सहा-सहा भाग पाडून दाखवले. अर्ध्या पट्टीत तीन भाग बसले, तिसऱ्या हिश्श्यात दोन. तुकडे सारखे झाले की मगच ते एकत्र मोजता येतात, असं सांगितलं. त्यांनी तिसरी पट्टी घेतली, तिचे अंदाजानं पाच भाग केले, त्यातले दोन बोटानं झाकले आणि बघतच राहिल्या.

"म्हणजे अर्ध्यात अजून घातलं, अन् माझं उत्तर अर्ध्यापेक्षाबी कमी?"

एक बस आमच्यासमोरून निघून गेली. त्यांचं लक्ष नव्हतं.

"मागं एक वर्ष पाचवी होती माझ्याकडं," त्या हळूच म्हणाल्या. "त्या लेकरांना मी असंच शिकवलं असंल."

मी काहीतरी समजुतीचं बोलले. त्यानंतर त्या रोज वही घेऊन येत राहिल्या.

महिन्याभरानं केंद्राची शिक्षण परिषद झाली. आसपासच्या शाळांचे शिक्षक एका ठिकाणी जमतात आणि कुणीतरी एखादा घटक शिकवून दाखवतं. माझ्याकडं भिन्नछेद अपूर्णांकांची बेरीज आली. वेळ जेवणानंतरची. मी पट्ट्या दाखवत होते आणि समोर निम्मे लोक पेंगत होते, काही मोबाईलमध्ये. मला ते सहन झालं नाही.

"पोरांचं सोडा," मी म्हणाले, "एका बाईंनीच मला विचारलं होतं," आणि सगळं सांगितलं. नुसतं सांगितलं नाही, आवाज काढून दाखवला. "मॅडम, हसू नका," हे त्यांच्यासारखं हेल काढून म्हणाले. सगळे हसले. पेंगणारे जागे झाले. मला फार बरं वाटलं.

मागून एका सरांनी विचारलं, "कोणत्या शाळेच्या हो, मॅडम?"

"नाव नाही सांगणार," मी म्हणाले. आणि म्हणता म्हणता माझी नजर तिसऱ्या बाकाकडं गेली. क्षणभरच. पण माझ्या नजरेमागं पाच-सहा माना वळल्या.

मोठ्या बाई खाली बघून वहीत लिहीत होत्या. लिहून घेण्यासारखं मी काहीच बोलले नव्हते.

परतीच्या बसमध्ये त्यांनी रोजच्यासारखी माझ्यासाठी खिडकीची जागा धरली होती. मी उन्हाबद्दल बोलले, त्यांनी उत्तर दिलं. त्यांचं गाव आलं, उतरल्या. दुसऱ्या दिवसापासून वही आली नाही. मी विचारलंही नाही. विचारलं असतं तर तो विषय निघाला असता.

एका दुपारी त्यांच्या वर्गावरून जाताना त्यांचा आवाज आला. "मलाबी हे लई उशिरा आलं. तुम्हाला आज न्हाई आलं तर उद्या येईल. घ्या पट्ट्या." पोरं कागद दुमडत होती. मी दाराशी थांबले. त्यांनी बघितलं आणि शिकवत राहिल्या. जे सांगून मी परिषदेत लोकांना हसवलं, ते त्या चाळीस पोरांसमोर आपणहून सांगत होत्या.

तीन वर्षांनी माझी लातूर जिल्ह्यात बदली झाली, रेणापूर तालुक्यात. शेवटच्या दिवशी सगळे बाहेर गेल्यावर मी कसंबसं तोंड उघडलं.

"त्या दिवशी परिषदेत मी..."

"मला वाटलं तुम्ही विसरल्या," त्या म्हणाल्या. हजेरीपट कपाटात ठेवत होत्या. "येत नव्हतं ते नव्हतं, त्याची कशाची लाज? तुम्ही सांगितलं त्याचंबी एवढं काही न्हाई, शिकवताना उदाहरण लागतं. पण तुम्ही माझ्याकडं बघायला नको होतं, मॅडम."

माफ करा, एवढे दोनच शब्द मी घरून ठरवून आले होते. ते निघाले नाहीत. शिपाई चहा घेऊन आला आणि आम्ही दोघींनी तो उभ्याउभ्या प्यायला.

मागच्या वर्षी त्या निवृत्त झाल्या. निरोपाच्या कार्यक्रमासाठी स्वतः फोन करून म्हणाल्या, "या, जेवायलाच या. सगळी येणार हायत." मी म्हणाले, त्या दिवशी प्रशिक्षण आहे. प्रशिक्षण नव्हतं. रविवार होता, आणि ते त्यांच्याही लक्षात आलं असणार. "बरं," त्या म्हणाल्या, "कामाचं बघा आधी."