यंदाच्या अल्बमवर भांडायला कुणी नाही

यंदा हेवी मेटलचं वर्ष झकास गेलं. हार्ड रॉकवाले दोन म्हातारे बँडसुद्धा पुन्हा उभे राहिले. पण सांगायचं कुणाला? आमच्या निमगाव केतकीत? हितं एसटीत मी कानातून इयरफोन काढला की शेजारची बाई विचारते, "कीर्तन ऐकत होतीस व्हय गं?"

बारामतीच्या हॉस्टेलपासून माझी एक मैत्रीण होती. दिवाळी ते दिवाळी आमचं वर्ष. सुट्टीला घरी जायच्या आधी दोघींनी कडाकडा भांडून वर्षाचा एकच अल्बम ठरवायचा. भांडण न होता ठरला तर तो धरायचाच नाही, असा नियम. नोकऱ्या लागल्यावर फोनवर भांडायचो. यंदा फोन केला, तर म्हणाली, "अगं, बाळ झालंय ना, ते सगळं सुटलं माझं. तूच ठरव."

म्हणे, तूच ठरव! फोन ठेवला आणि मला रडूच आलं. एवढं एक माणूस होतं माझं.

बाजाराच्या दिवशी आई घराबाहेर पडली आणि मी हट्टानं मोठा स्पीकर लावला. आबांची, म्हणजे वडिलांची, धास्ती नव्हती. साखर कारखान्यात ऊस गाळायच्या मिलपाशी त्यांचा जन्म गेला, कान तिथंच ठेवून आले. त्यांच्याशी बोलायचं म्हणजे ओरडायचं, म्हणून घरात कुणी फारसं बोलतच नाही.

ओसरीवर भिंतीला टेकून बसलेले आबा भिंत थरथरताच एकदम उठून आत आले.

"गाळप सुरू झालं व्हय गं? मिल चालू झालीया."

कारखाना कुठं, आम्ही कुठं! मी स्पीकर दाखवला. त्यांनी त्यावर पंजा ठेवला आणि तिथंच फतकल मारली. उठेनातच. मी एकामागून एक अल्बम लावत गेले. एकावर मात्र त्यांनी तोंड वाकडं केलं.

"ह्या मिलमधी ऊसच न्हाय. रिकामीच फिरतीया."

आता तो माझा यंदाचा पहिला नंबर होता! मी चवताळले. त्यांच्या कानाशी जाऊन ओरडले, "आबा, तुमाला काय कळतंय त्यातलं?"

"समदं कळतंय! ते मगाचं लाव पुन्यांदा!"

"न्हाय लावणार!"

आई पिशव्या घेऊन दारातच थबकली. "अगं बाई! भांडताय कशाला बापलेक?"

"तू थांब गं जरा," मी म्हटलं, "अल्बम ठरतोय."