झिऱ्याकडची वाट

तार तुमच्या हातात पडली तेव्हा इकडे सगळे होऊन गेले होते. बुलढाण्याहून कराची किती लांब आहे ते मला त्या दिवशी पुन्हा कळले. तुमचे वडील बोटीने मुंबईला, तिथून आगगाडीने मलकापूरला आणि मग मोटारीने घाट चढून आले. आजोबांचा दहावा त्यांच्या हातून झाला. तेरावा झाल्यावर ते नोकरीवर परत गेले. नणंदा, भाचे, शेजारी, सगळे आपापल्या घरी गेले. आता घरात मी आहे, आणि सकाळी दोन तास भांडीवाली असते. कणीक अजून दोघांची भिजवली जाते. रोज ठरवते, आणि रोज तेवढीच भिजवते. आज सहा आठवडे झाले.

मधू, सुमन, तुम्हांला आजोबा आठवतात ते नाताळच्या सुट्टीतले. काठी घेऊन पुढे निघालेले, मागे न बघता 'चला, चला' म्हणणारे. त्यांच्याबद्दल लोक सांगतात ते एवढेच, की ते बांधकाम खात्यात ओव्हरसियर होते आणि राजूर घाटाच्या रस्त्यावर त्यांची उमर गेली. ते खरेच आहे. नागपूरहून मोठे साहेब रस्ता पाहायला आले की नकाशा उघडण्याआधी यांना बोलावीत. कोणत्या वळणाला किती मोऱ्या, कोणत्या मोरीखालून पावसात किती पाणी जाते, हे सगळे त्यांना तोंडपाठ. लग्न होऊन मी इथे आले तेव्हा मिशनच्या शाळेत इंग्रजी शिकलेली, वेळेवर उठणारी, वेळेवर जेवणारी मुलगी होते. एका रविवारी दुपारी हे मला म्हणाले, "चल, तुला माझं ऑफिस दाखवतो." आणि घाटाच्या माथ्यावर नेऊन उभे केले. खाली पूर्णेचे सगळे खोरे पसरलेले आणि पलीकडे, पार टोकाला, सातपुड्याची निळी रेघ. मी विचारले, "आणि टेबल कुठंय?" ते इतके हसले की रस्त्यावरचे मजूर फावडी टाकून बघू लागले.

पुढे त्या ऑफिसात आपले सगळे घरच जाऊ लागले. आधी तुमचे वडील, मग तुम्ही. सहलीच्या आदल्या दिवशी मी यादी करी. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, उकडलेली रताळी, फिरकीचा तांब्या, आयोडीनची बाटली, दोन सतरंज्या. निघायची वेळ साडेसहा. हे म्हणत, "तुमची आजी सहल काढत नाही रे, मोहीम काढते." साडेसहाला गफूरभाईंची दमणी दारात येई. ती हलकी बैलगाडी तुम्हांला मोटारीपेक्षा जास्त आवडायची, कारण गफूरभाई उतारावर कासरा मधूच्या हातात देत आणि म्हणत, "पाय रोवून बस बे, नाहीतं बैल म्हनतीन, हे पोट्टं कोनं बसवलं!" घाटात तिसऱ्या मोरीपाशी उतरायचे, तिथून पायवाटेने खाली झिऱ्यावर. झिरा म्हणजे कातळातून पाझरणारे बोटभर पाणी, पण बाराही महिने गार. वाटेत बोरी. पिकलेली बोरे मधूच्या खिशात आणि काटे माझ्या लुगड्यात. परतताना मोताळ्याच्या रस्त्यावर ओळखीच्या शेतात हुरडा. आगटीभोवती बसून गरम कणसे तळहातावर चोळताना तुम्ही 'हाय हाय' करायचात, आणि हे सांगायचे, "जो ओरडेल त्याला दुसरं कणीस नाही." मग सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी, आणि कोणी ओरडत नाही...

मला आधीच कळायला हवे होते. मैलाचा दगड आला की ते म्हणत, "मधू, वाच पाहू, किती लिहिलंय?" मला वाटे, नातवाला आकडे वाचायला शिकवताहेत. एका सकाळी माथ्यावर दाट धुके होते. हाताची बोटे दिसत नव्हती. हे काठी उचलून म्हणाले, "तो बघा सातपुडा, आज किती स्वच्छ दिसतोय!" सुमन म्हणाली, "आजोबा, कुठंय? सगळं पांढरंच आहे." ते म्हणाले, "नीट बघायला शिका. मनात आणलं की दिसतो." आम्ही सगळे हसलो. मी तर सर्वांत जास्त.

तीन वर्षांपूर्वीच्या नाताळातली गोष्ट. सुमन, तू तेव्हा सहा वर्षांची होतीस. तुला ती आठवत असेल तर खेळ म्हणून आठवत असेल. झिऱ्याकडे उतरताना आजोबा पुढे होते, आणि त्यांचे बोट धरून तू. त्या वर्षीच्या पावसाने वळणावरची कड खचली होती आणि वाट डोंगराच्या अंगाला हातभर सरकली होती. आम्हा सगळ्यांना ते दिसत होते. आजोबा मात्र जुन्या वाटेने, जुन्या पावलांनी, सरळ गेले. त्यांचा पाय रिकाम्या हवेत पडला. ते मागे बसले म्हणून वाचले. तू कडेवरून खाली लोंबत होतीस, आणि तुझे मनगट त्यांच्या मुठीत होते. गफूरभाईंनी पाण्याचा तांब्या फेकला, पोटावर पडून तुझा परकर धरला आणि तुला वर ओढले. तू हसत होतीस, "पुन्हा, पुन्हा" म्हणत होतीस. गफूरभाई ओरडले, "काऊन साहेब! वाट तं इकडून वळून राह्यली! दिसून नाही राह्यलं काय तुमाले?"

"दगड निसटला रे," हे म्हणाले. पण उत्तर गफूरभाईंना देत होते आणि तोंड बोरीच्या झाडाकडे होते.

संध्याकाळी तुम्हांला रमवायला त्यांनी लोणारची गोष्ट सांगितली. वाटीसारखा तो खोल खळगा, तळाशी हिरवे खारे पाणी, काठाला मोर आणि वानरे, आणि जिचे पाणी एका बाजूला गोड, दुसऱ्या बाजूला खारट म्हणतात ती सासू-सुनेची विहीर. "पुढच्या नाताळात आपण सगळे लोणारला. मधू, शब्द दिला." तुम्ही कराचीला गेल्यावर मी त्यांना अकोल्याच्या डॉक्टरांकडे नेले. काचबिंदू. गेलेली नजर परत येत नाही, असे डॉक्टर म्हणाले. मोटारीतून परत येताना घाट लागला तेव्हा हे प्रत्येक मोरीवर हळूच मान हलवीत होते.

आता जे सांगायचे ते सांगते. नजर गेल्यापासून त्यांचे टपाल म्हणजे मी. आलेले पत्र मी वाचून दाखवायची, आणि ते सांगतील ते मी लिहायची. दर वर्षी दिवाळी झाली की ते म्हणत, "घे टाक-दौत." आणि सांगत, 'मुलांना नाताळात पाठवा. हवा उत्तम आहे. बोरे धरली आहेत. यंदा लोणारचे नक्की.' मी शब्दन् शब्द लिहीत असे. मग खाली माझी एक ओळ जोडत असे: 'पाठवू नका. यांना दिसत नाही. सुमन थोडक्यात वाचली आहे.' पहिल्या वर्षी तुमच्या वडिलांनी उत्तर दिले की मधूची परीक्षा आहे. दुसऱ्या वर्षी सुमनला खोकला. माझ्यासाठी आत वेगळी चिठ्ठी असे, ती मी वाचत नसे. म्हणजे मोठ्याने वाचत नसे.

तुम्ही विचाराल, आजोबांना सरळ का सांगितले नाही? सांगितले असते तर त्यांनी ऐकले असते, म्हणूनच. ऐकल्यानंतरचा त्यांचा चेहरा मला रोज बघावा लागला असता. त्यांना माझा दिसणार नव्हता. हा सौदा मला सोपा वाटला.

यंदाच्या दिवाळीनंतर त्यांनी पत्र सांगितले, ते अगदी थोडके. संपल्यावर म्हणाले, "झालं." मी लिहीत राहिले. खोलीत फक्त टाकाचा आवाज. ते म्हणाले, "काय लिहितेस गं?"

"पत्ता," मी म्हटले.

"हं." मग म्हणाले, "आपल्या मुलाचा पत्ता फार लांबलचक झालाय."

माझा हात थांबला. ते उठले, भिंतीला हात लावीत दारापर्यंत गेले आणि तिथून म्हणाले, "लिही, लिही. पुरता लिही. अर्धवट पत्त्यावर पत्र जात नाही."

ओळ अर्धी झाली होती. मला ती खोडता आली असती. नुसते 'या' असे लिहिले असते तरी चालले असते. गफूरभाई होते, मी होते, मधू आता मोठा झाला होता. मी ती ओळ पूर्ण केली. तीच, दर वर्षीची. मार्गशीर्षात त्यांना ताप आला, छाती भरली, आणि आठव्या दिवशी ते गेले. नाताळ दोन आठवड्यांवर होता.

हे मी पत्रात लिहून पाठवू शकले असते. पण पत्र लिहायला बसले की शेवटी माझा हात काहीतरी जोडेल अशी मला भीती वाटते. छापलेल्याखाली काही जोडता येत नाही. म्हणून ते वर्तमानपत्राच्या या पुरवणीला दिले. चार परक्या माणसांनी वाचले तरी चालेल. तुम्ही आजोबांना विसरला नव्हता, आणि त्यांनीही तुम्हांला बोलवायचे सोडले नव्हते. मध्ये मी होते.

तेराव्यानंतर एका सकाळी गफूरभाई दारात आले. दमणी जुंपलेली होती. म्हणाले, "बाई, रागावू नका. एक चीज दाखवाची हाय. साहेबानं सांगू नको म्हनलं होतं, पन आता कोनाले इचारू?"

तिसऱ्या मोरीपाशी आम्ही उतरलो. तीन वर्षे मी त्या वाटेला गेले नव्हते. दर रविवारी हे गफूरभाईंबरोबर हवा खायला जात, ते माथ्यावर बसत असतील अशी माझी समजूत. वळणावर आले आणि थांबले. खचलेल्या कडेला, वळणाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, दगडांचा कठडा होता. चुना नाही, माती नाही. दगडावर दगड, सांध्यात चिपा ठोकलेल्या, एकही हलत नाही.

"मी गोटे आनून देत जावो," गफूरभाई म्हणाले. "रचले साहेबानं. एकेक गोटा हातात घेऊन फिरवून पाहेत. म्हनत, 'हा नाही, याले बूड नाही, दुसरा दे.' मी म्हनलो, साहेब, डोळे नाही, काऊन मरता? तं म्हने, 'डोळ्यानं कोन रचते बे? डोळ्यानं तं फक्त बिल पास करतेत.'"

मला हसू आले, आणि मग यांच्या बोटांवरचे ओरखडे आठवले. सोमवारी सकाळी मी त्यांना हळद लावीत असे. बाभळीचा काटा लागला, असे ते सांगत.

"सारी वाट नव्यानं मोजली त्याईनं," गफूरभाई सांगत होते. "या वळनाले किती पावलं, झिऱ्यापातूर किती. रट्टा मारून पाठ केलं. म्हने, 'पोरं आली का मी पुढं चालतो, तू मांगं राय. कोनाले काही कळत नाही.' मी म्हनलो, आन यंदाही नाही आली तं? तं गोटा बसवत राह्यले."

मी कठड्याला हात लावला. तो फारच बुटका वाटला, माझ्या गुडघ्याच्या वर जेमतेम वीतभर. मी गफूरभाईंना विचारले, एवढा उत्तम बांधला, मग ठेंगणा का ठेवला?

"तेच म्हनलो मी. तं उभं राहून मापून दाखवलं मले. म्हने, 'सुमन वाटेनं चालते तवा तिचा दुसरा हात इथं येते. तिले टेकाले पायजे. मधूचं काई नाही, तो कशालेच हात लावत नाही.'"

वारा घाटातून वर येत होता. झिऱ्याचा आवाज खालून नीट ऐकू येत होता. गफूरभाई बैलांकडे गेले आणि मी एकटीच वळण चालून पाहिले, आधी डोळे उघडे ठेवून, मग मिटून. हात कठड्यावर ठेवायचा तर मला पार कमरेत वाकावे लागले.

सुमन, तू आता नऊ वर्षांची आहेस. येशील तेव्हा तुलाही थोडे वाकावे लागेल.