कोडीवरची वाळूची पोती

नोकरीतली बहुतेक प्रकरणे निवृत्तीबरोबर मागे पडली. हे एक मात्र पडले नाही. अजूनही देवनहळ्ळीच्या बाजूने आभाळ काळे झाले की तो तलाव डोळ्यांसमोर येतो. नावे लिहिणार नाही. त्यातली बहुतेक माणसे हयात आहेत, आणि बरीचशी चांगली आहेत. सगळी पंचाईत तिथेच होती.

मी मूळचा चामराजपेटचा. आमचे घराणे पिढ्यान्‌पिढ्या बेंगळुरूत आहे. घरात मराठी बोलतो, पण ती ऐकून पुण्याचा पाहुणा गालातल्या गालात हसतो. त्या वर्षी मी शहराच्या उत्तर टोकाच्या एका ठाण्यात इन्स्पेक्टर होतो. हद्दीत एक जुना तलाव होता आणि त्याच्या बांधाखाली शेतांच्या जागी झालेले नवे लेआउट, म्हणजे घरांची वसाहत. तलाव भरला की जादा पाणी ज्या दगडी सांडव्यावरून बाहेर पडते, त्याला इकडे कोडी म्हणतात. कोडी मोकळी असली की घरे सुरक्षित. तरी तिथले लोक पावसाळाभर अर्धवट जागेच असत. ढग गडगडला की गाड्या उंचावर नेऊन लावत, कागदपत्रे माळ्यावर चढवत. आधीच्या एका पावसात पाणी उंबऱ्यापर्यंत आले होते, तेव्हापासून बहुतेकांनी घराचा पुराचा विमा उतरवला होता.

त्या शनिवारी सकाळी पाणी घरांत शिरले. खाटा तरंगल्या, म्हाताऱ्यांना खांद्यावर घेऊन बाहेर काढावे लागले. जीव कोणाचा गेला नाही. पाणी ओसरल्यावर तलाव खात्याच्या लोकांना कोडीवर वाळूची पोती रचलेली सापडली. वाट अडल्यामुळे पाणी चढले आणि बांधाच्या सखल जागेवरून थेट लेआउटमध्ये उतरले. खात्याने रीतसर फिर्याद दिली. आम्ही पंचनामा केला. आमच्याकडे त्याला महजर म्हणतात. पोत्यांच्या फटींत अडकलेला कचराही जप्त करून ठाण्याच्या मागच्या खोलीत टाकला.

दुसऱ्याच दिवशी ठाण्याच्या मोबाइलवर अनोळखी नंबरावरून एक व्हिडिओ आला. पहाटेचा उजेड, कोडीवर एक वयस्क माणूस, बाजूला पहार आणि दोन्ही हातांत वाळूचे पोते. खाली मजकूर: ‘विमा ताजा आहे. चौकशी करा.’

चौकशी केली. माणूस लेआउटमधलाच, सरकारी कारखान्यातून निवृत्त झालेला महाराष्ट्रीय अभियंता. बाकीच्यांनी विमा आधीच काढला होता, याने त्याच पावसाळ्याच्या तोंडावर काढलेला. विमा कंपनीच्या तपासनीसाचे कान लगेच टवकारले. वरिष्ठांचा फोन आला, “अजून अटक का नाही?”

अभियंत्यांना मी ठाण्यात बोलावले आणि मराठीत म्हणालो, “बसा साहेब. चहा घेणार?”

ते दचकले. “तुम्ही मराठी?”

“इथलाच आहे. स्वल्प वेगळी मराठी आहे आमची, चालवून घ्या. व्हिडिओत तुम्हीच ना?”

“मीच. पण मी पोती ठेवत नव्हतो. काढत होतो. पाण्याच्या दाबाने घट्ट बसली होती, दोनच निघाली.”

“सरी, ठीक आहे. मग ठेवली कोणी?”

त्यांनी चहाचा कप पुढे ओढला. पुन्हा विचारले, दरडावून विचारले, समजावून विचारले. माणूस चहाच्या कपाकडे बघत बसला. खोटे बोलणारा माणूस बहुधा जास्त बोलतो, कोणाकडे तरी बोट दाखवतो. हा कोणाकडेच दाखवेना. शेवटी एवढेच म्हणाले, “मला अटक करायची तर करा. माझ्या मिसेसला यात ओढू नका, प्लीज. तिला बीपी आहे.”

त्यांना घरी पाठवले, पण मला चैन पडेना. पुरावा सगळा त्यांच्याविरुद्ध होता आणि मन मानत नव्हते. लेआउटमधल्या लोकांचे जबाब घेतले, त्यात आणखी एक गोष्ट खटकली. एकच प्रसंग पाहिलेली माणसे तो नाना तऱ्हांनी सांगतात, एकमेकांना खोडूनही काढतात. इथे डॉक्टर, बँकवाले, शिक्षिका, सगळे एकाच वाक्यावर ठाम: “कोडीकडे आम्ही कधी जातच नाही.” पाठ करून आल्यासारखे. असोसिएशनचा सेक्रेटरी तर जबाबावर सही करताना घामाने निथळत होता, आणि ठाण्यातला पंखा भरधाव चालू होता.

जेवताना घरी मी सहज विचारले, “त्या कोडीवर इतकी सुपं कशी गं अडकली? पोत्यांत अडकलेल्या कचऱ्यात जोड्याच्या जोड्या निघाल्या. बांगड्या, हळदकुंकू, खण, सगळं आत तसंच.”

बायको हातातली पोळी तशीच ठेवून म्हणाली, “अहो, बागिन ते! तलाव भरला की बायका सुपाचं वाण देतात ना पाण्याला. तुमची आईसुद्धा द्यायची.”

“ते माहीत आहे गं. पण इतकी अडकली कशी?”

“तेच तर. बागिन पाण्याबरोबर वाहत जाऊन कोडीवरून खाली पडतं. ते तिथंच अडकलं, म्हणजे वाण दिलं तेव्हा कोडी बंद होती.”

मी ताटावरून उठलो. बागिनाचा समारंभ शुक्रवारी झाला होता, मांडव घालून, एका पुढाऱ्याच्या हस्ते. अभियंत्याचा व्हिडिओ शनिवारचा. म्हणजे पोती आदल्या दिवशीच तिथे होती, आणि अख्खे लेआउट नटूनथटून त्याच काठावर उभे होते.

सकाळी हजेरी उरकून मी एक सूप घेतले आणि अभियंत्याच्या घरी गेलो. भिंतींवर कमरेइतकी चिखलाची रेघ होती, गाद्या गच्चीवर वाळत घातलेल्या. त्यांच्या पत्नी दारातच उभ्या होत्या. सूप पाहिले मात्र, त्या तिथेच पायरीवर बसल्या.

“वहिनी, तुमच्या यजमानांना मला उद्या अटक करावी लागेल,” मी म्हणालो. “खरं काय ते तुम्हाला ठाऊक आहे.”

आतून अभियंत्यांचा आवाज आला, “तू काही बोलू नकोस!”

“बोलणार!” त्या रडत रडत ओरडल्या. “तुम्ही जेलमध्ये जाणार आणि मी इथे नवीन फरशा बसवू?”

मग त्यांनी सगळे सांगितले. तलाव भरला होता, कोडीवरून पाणी जात होते, पण मांडवाजवळच्या पायऱ्यांना ते टेकत नव्हते. मध्ये चिखलाचा पट्टा होता. पुढाऱ्याची माणसे येऊन म्हणाली, साहेब चिखलात उतरणार नाहीत, आणि फोटोत तलाव काठोकाठ दिसला पाहिजे. सेक्रेटरीने गुरुवारी मजूर लावून कोडीवर पोती रचवली. पाणी चढून पायरीला लागले, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. अभियंत्यांनी तेव्हाच बजावले होते की हे धोक्याचे आहे. समारंभ झाला की लगेच काढू, असे ठरले. समारंभ झाला, जेवणे झाली, फोटो निघाले, आणि पोती कोणी तरी काढील म्हणून जो तो घरी गेला. वरच्या अंगाला रात्रभर पाऊस कोसळला. पहाटे हा एकटा माणूस पहार घेऊन धावला.

“मग गप्प का राहिलात?” मी अभियंत्यांना विचारले.

“आपणच पाणी अडवलं असं कळलं तर कंपनी एकाचाही क्लेम देणार नाही, असं मीटिंगमध्ये ठरलं. कोणी बोलायचं नाही. समोरच्यांनी पेन्शनचा पैसा घरात घातलाय. शेजारी आजारी माणूस आहे. मी काय करणार होतो?”

“आणि व्हिडिओ कोणी पाठवला, हे तुम्हाला माहीत होतं?”

त्यांनी मान हलवली. त्यांना माहीत होते.

सेक्रेटरीला बोलते करायला वेळ लागला नाही. सूप टेबलावर ठेवले आणि तो कोसळला; व्हिडिओही त्यानेच पाठवला होता. मला भयंकर संताप आला होता. “अरे, तुमच्या घरांसाठी जो पहाटे पाण्यात उतरला, त्यालाच अडकवलंत?”

तो हात जोडून म्हणाला, “सार, कोणावर तरी केस होणारच होती. एक माणूस गेला असता. बाकी सगळ्यांची घरं वाचली असती.”

हे बोलणारा काही गुंड नव्हता. दर शनिवारी देवळात प्रसाद वाटणारा, दोन मुलींचा बाप होता. गुन्हेगार कसा विचार करतो हे मला नोकरीने शिकवले होते. भ्यालेले सज्जन लोक एकत्र बसून काय ठरवू शकतात, ते या प्रकरणाने शिकवले. चोराला निदान ठाऊक असते की आपण चोरी करतो आहोत. इथे प्रत्येकाला वाटत होते की आपण फक्त घर वाचवतो आहोत. तेव्हापासून एखाद्या गल्लीतले सगळे जबाब जुळले की मला समाधान वाटायचे नाही, उलट धास्ती वाटायची.

सेक्रेटरीवर दोषारोपपत्र दाखल झाले. विमा कंपनीने बराच काळ चौकशी केली आणि शेवटी ठरवले की हा बेफिकीरपणा होता, पैशासाठी मुद्दाम आणलेला पूर नव्हे. क्लेम मंजूर झाले, सगळ्यांचे. ज्या भीतीने त्या माणसाला पुढे केले, ती भीतीच पोकळ निघाली.

तोवर अभियंता आणि त्यांच्या पत्नीने घर विकायला काढले होते. बायकोने तोंड उघडले म्हणून गल्लीत त्यांच्याशी कोणी बोलत नव्हते. बनशंकरीला भाड्याच्या घरात जाण्याआधी वहिनी यजमानांची जप्त केलेली पहार परत न्यायला ठाण्यात आल्या. मी म्हणालो, “चला, तिकडे पाण्याची भीती तरी नाही.”

“पाण्याचं काही नाही हो साहेब,” त्या म्हणाल्या. “तिकडे शेजारी कोण आहेत, ते अजून बघितलं नाहीये.”