राजमा आणि रिकामी खुर्ची

डॅडी हल्ली शनिवारी एकटेच जेवतात, ही गोष्ट काही केल्या माझ्या मनातून जात नाही. आई गेली त्या आठवड्यातही त्यांनी शनिवार चुकवला नव्हता. मोठं पातेलंभर राजमा शिजवायचा, मक्याचा पाव भाजायचा आणि सगळं गाडीत घालून आपल्या जुन्या दोस्ताकडे, वॉल्टकाकांकडे जेवायला जायचं.

माझे वडील एलिस प्रुइट म्हणजे अमेरिकेतल्या आमच्या गावच्या फायर ब्रिगेडमधले पहिले काळे जवान. कोर्टानं हुकूम केला, काळ्यांसाठी जागा राखल्या, त्यात ते लागले. स्टेशनात सगळ्यांचा स्वयंपाक आळीपाळीनं करायचा रिवाज. डॅडींची पाळी आली की बाकीचे घरून डबे आणत. डॅडी तरीही सगळ्यांपुरता राजमा शिजवत, आणि रात्री ओतून देत. एके दिवशी वॉल्ट नोवाक नावाच्या गोऱ्या पोरानं ताट पुढे केलं.

"वाढ. मेलोच तर माझा बंब तू चालव."

दुसऱ्या घासाला म्हणतो, "मीठ कमी आहे."

मीठ बरोबर होतं, असं डॅडी अजून शपथेवर सांगतात. पुढे तर लोक आपली पाळी त्यांच्या गळ्यात मारू लागले.

गेल्या महिन्यात फायर ब्रिगेडच्या भरतीत वॉल्टकाकांच्या नातवाची निवड झाली नाही. पोरगं त्यासाठी दोन वर्षं राबत होतं, हे खरं. काका जेवता जेवता म्हणाले, "रंग बघून जागा वाटतात. आमच्या पोरांनी जायचं कुठं?"

"वॉल्ट, मीही तसल्याच जागेवर आलो."

"तुझी गोष्ट वेगळी, एलिस."

"वेगळी कशी? मला काम येतं, हे तुला मी आत आल्यावरच कळलं ना?"

डॅडी उठले आणि अर्धं भरलेलं पातेलं उचलून घरी आले.

माझा डेरिक पुढच्या वर्षी त्याच भरतीला बसणार आहे. त्यालाही कुणीतरी ऐकवेल, तू रंगावर आलास म्हणून. तेव्हा त्याच्यापुढे ताट धरणारा कुणी भेटेल का, ही माझी दुसरी धास्ती.

डॅडींचा हात मात्र आखडत नाही. स्टेशनभर माणसांचा राजमा दर शनिवारी शिजतो आणि माझ्या फ्रीजरमध्ये येऊन पडतो. डेरिक म्हणतो, "मॉम, आता आइस्क्रीमलाही राजम्याचा वास येतोय."

आज मी डॅडींना म्हटलं, "तुम्हीच करा ना फोन."

"मी का? मी वाढणारा. ताट त्यानं पुढे करायचं, पोरी."

बोलताना त्यांची नजर समोरच्या रिकाम्या खुर्चीवर होती.

वॉल्टकाका भल्या पहाटे उठतात. उद्या सकाळी पहिला फोन त्यांनाच करणार आहे. कोण बरोबर, कोण चूक, तो वाद तुमचा तुम्ही घाला म्हणेन. फक्त या शनिवारी तो डॅडींच्या टेबलावर घाला. येताना ताट घेऊन या. आणि मीठ कमी आहे म्हणालात, तरी चालेल.