वहिनींचं पहिलं गाणं

डिलाईल रोडपासून ठाकूरद्वारापर्यंत बाईमाणसाचा लपलेला गळा शोधून काढणारी आमच्या थोरल्या वहिनींसारखी दुसरी झाली नाही, आणि होणारही नाही. सख्ख्या भावाची बायको म्हणून हे सांगत नाही. त्यांचं माझं फारसं पटलेलं नाही. पण खरं ते खरं. चाळीच्या जिन्यात उभ्या राहिल्या की कुठल्या मजल्यावर कोण भांडी घासताना गुणगुणतंय ते त्यांना कळायचं. एकदा दादरहून येताना बसमध्ये पुढच्या सीटवरची बाई तोंडातल्या तोंडात काही म्हणत होती. वहिनी आमचा स्टॉप सोडून तिच्यामागं थेट गिरगावात उतरल्या, तिच्या घरी चहा प्यायल्या आणि तिला गाण्याला कबूल करूनच उठल्या. मी बरोबर होतो. तिचा नवरा माझ्याकडं आणि मी त्याच्याकडं बघत बसलो. स्वतः मात्र वहिनी आरतीलाही नुसत्या टाळ्या वाजवायच्या. दादा होता तोवर म्हणायचा, "हिला देवानं चार माणसांचे कान दिले, त्या नादात गळा द्यायचा राहिला." त्या म्हणायच्या, "गळा नाही म्हणून तुमच्याकडं नांदले. असता तर कधीच गेले असते."

वर्षातून एकदा, मार्गशीर्षात, मंडळाच्या हॉलात त्या बायकांच्या गाण्याचा दिवस करायच्या. गाणाऱ्या बायका, वाजवणाऱ्या बायका, ऐकणाऱ्याही बायकाच. माईकवाल्यालासुद्धा सामान ठेवून बाहेर काढायच्या आणि वायरी आपण जोडायच्या. एका साली त्या जोडणीत अख्ख्या चाळीचे दिवे गेले, तरी आत गाणं चालूच. घंटा नाही, नंबर नाही, बक्षीस नाही. कोळणीनं कोळीगीत म्हणावं, ठाकूरद्वारच्या शाळेतल्या बाईंनी नाट्यपद म्हणावं, आणि कुणी मधेच अडली तर सगळ्या सभेनं तिची ओळ उचलून धरावी. एकच नियम कडक होता. पहिलं गाणं जिनं जन्मात कधी माईकपुढं तोंड उघडलं नाही तिचं. अशी बाई मिळाली नाही तर दिवस सुरूच करायचा नाही. तिसऱ्या मजल्यावरची एक विधवा बाई, "पाणी आलं का" यापलीकडं कुणाशी न बोललेली, तिला वहिनींनी उभी केली होती. तिचा मुलगा बाहेर माझ्याशेजारी होता. आतून आवाज आला तेव्हा त्यानं चहाचा कप खाली ठेवला आणि म्हणाला, "काका, ही आई?"

आम्हा पुरुषांकडं चहा आणि चपला. ज्याचा पखवाज ऐकायला करी रोडची माणसं यायची त्या मी चपला राखायच्या. दरसाल मी सांगायचो, "वहिनी, पुढल्या खेपेला मी येणार नाही." त्या म्हणायच्या, "नका येऊ भावोजी. फक्त सकाळी लवकर या, सतरंज्या आणायच्यात."

मग चाळ पाडायचं ठरलं. हॉलही जाणार होता. हा शेवटचाच दिवस, हे सगळ्यांना ठाऊक. माणसं विरार, बदलापूर, कुठं कुठं पांगलेली, तरी जुन्या बायका हट्टानं आल्या. पण त्या सगळ्या कधी ना कधी माईकपुढं उभ्या राहिलेल्या. नवी बाई मिळेना. ऐंशी ओलांडलेल्या वहिनी दुखऱ्या पायांनी समोरच्या टॉवरपर्यंत जाऊन वॉचमनच्या बायकोला सांगून आल्या होत्या. ती ऐनवेळी आलीच नाही. हॉल भरलेला आणि माईक रिकामा. वहिनी दारात माझ्याजवळ येऊन उभ्या राहिल्या.

"आता काय करू?"

"एक बाई उरलीय की. का तुमचा नियम तुम्हाला लागू नाही?"

"माझा आवाज ऐकलाय ना तुम्ही?"

"ऐकलाय. म्हणून तर बाहेर बसतो."

त्या हसल्या नाहीत. पदर खोचला आणि आत गेल्या.

म्हटली ती माझ्या आईची जात्यावरची ओवी. गावच्या घरात नवी नवरी म्हणून आल्या तेव्हा आईसमोर जात्याला बसून शिकलेली. "खाडीपल्याड म्हायेर, दिवा दिसतो हितून. वाऱ्या बाबा, ये बेतानं, माझी नजर जपून." आवाज फाटका होता, खोटं कशाला सांगू. पण ओढ होती ती थेट आईची. मी चपलांमधून उठून उभा राहिलो. दुसरी ओळ संपली आणि वहिनी अडल्या. सभा नेहमीसारखी ओळ उचलायला सरसावली, पण ही ओवी कुणाला येणार? ती आमच्या एका घरातली. वहिनींनी तीच ओळ पुन्हा म्हटली आणि पुन्हा तिथंच थांबल्या. मग त्यांनी दाराकडं बघितलं. त्या घरातलं आता मीच काय तो उरलेला. त्या दिवशी मी बायकांनीच गायचा नियम मोडला असता. तोंड उघडलंही. पण तोंडात पुढची ओळच नव्हती. मग त्या माईकपासून बाजूला झाल्या. "चला, पहिलं झालं. पुढची कोण आहे ती या."

दिवस झाला, चांगला झाला. हॉलच्या जागी आता पत्रे ठोकलेत. वहिनी बदलापूरला लेकीकडं असतात. फोन करतात, गुडघ्यांचं सांगतात, शेजारी गाणारी एकही नाही म्हणून कुरकुरतात. शेवटी मी विचारतो, "पुढचं आठवलं का?"

"नाही हो. जीव पिळून काढला, येत नाही. भावोजी, तुम्ही तर जात्याशीच असायचात. सासूबाईंच्या मांडीवर डोकं ठेवून."

"असायचो," मी म्हणतो. "पण दुसरी ओळ संपायच्या आत माझा डोळा लागायचा, वहिनी."