खुडूक बसलेली बदक

कोंबडी खुडूक बसली तर काय करायचं, हे मला कुणी शिकवू नये. माहेरी काय नि सासरी काय, सगळा जन्म कोंबड्यांच्या मागं गेला. पण बदकही खुडूक बसते, हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं. आमच्या यांना हौस दांडगी. मेडशीकडच्या कुणाकडून तरी त्यांनी बदकांची जोडी आणली. नर कुत्र्यांनी नेला आणि मादी एकटी राहिली. आमच्या घरात तिला सगळे ‘ती बदक’च म्हणायचे, म्हणून मीही तसंच म्हणते.

नर गेल्यावरही तिची अंडी चालूच होती. मग एक दिवस ती गोठ्याच्या कोपऱ्यात, सोयाबीनच्या भुशाचं कुटार रचलेलं असतं तिथं, अंड्यांवर बसली ती बसलीच. स्वतःच्या छातीची पिसं उपटून तिनं खाली अंथरली. हात नेला की मान लांब करून फिस्स करायची. आता नर नाही, तर त्या अंड्यांत जीव कुठून यायचा? मला हे कळत होतं. तिला कोण सांगणार?

मी अंडी काढून घेतली. ती रिकाम्या कुटारावर बसली. कुटार काढलं, तर भुईवर बसली. दिवसातून एखाद्या वेळी उठायची, घाईघाईनं पाणी ढोसायची, दाण्याकडं न बघता परत कोपऱ्यात. मार्चचं ऊन, वर टिनपत्रं. उचलली की छातीचं हाड हाताला लागायचं. ही अशीच बसून बसून मरणार, हे मला दिसत होतं.

सासूबाई म्हणाल्या, “कोंबडीले कसं करतो आपण? तसंच कर. पाण्यात बुडव दोनचारदा. आंगातली गरमी उतरली का उतरते खुडूक.”

बरोबरच होतं. आम्ही कोंबड्यांना हेच करत आलोय. मी घमेलंभर पाणी घेतलं, पदर खोचला आणि तिला त्यात बुडवली. अगं बाई! कोंबडी कशी जीव गेल्यासारखी ओरडते, तशी ही ओरडेल म्हणून मी तयारच होते. आणि ही? हिनं डोकं पाण्यात घातलं, पंख फडफडवले, शेपूट हलवली, मला नखशिखांत भिजवलं आणि मजेत आंघोळ उरकली. मग घमेल्यातून उतरली, अंग झाडलं आणि टुकूटुकू चालत थेट कोपऱ्यात जाऊन बसली. सासूबाई इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. मलाही हसू आलं, पण रागही तितकाच आला. बदकाला पाण्याची शिक्षा देणारी मी! कुणाला सांगायची सोय नाही.

मग टोपल्याखाली डालून बघितली. तिथं तर तिला अंधारच मिळाला, आणखी छान बसली. शेजारीण म्हणाली नाकातून पीस ओव. कोंबडीला ओवतात, मी पाहिलंय. पण मी म्हटलं नाही, ते माझ्यानं होणार नाही. मालेगावच्या जनावरांच्या डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले उंचावर जाळीत ठेवा, खालून हवा लागू द्या. मी सुतळीच्या खाटेवर डालं उलटं घालून तिला त्याखाली ठेवली. ती रात्रंदिवस ओरडली, आणि सोडल्यावर धावत कोपऱ्यात गेली.

हे म्हणाले, “मरूनच राह्यली त कापून टाकू. सुकून जाण्यापरीस रस्सा तरी होईन.”

“हात लावून पाहा तिले,” मी म्हटलं. “मग घरात तुमचा रस्सा नि तुमीच.”

बोलले खरी, पण माझ्याजवळ उपाय कुठं होता? मी तिच्यापुढं तांदूळ ठेवायचे, ती माझ्याकडं बघायचीसुद्धा नाही. शेवटी सासूबाईच वैतागल्या. म्हणाल्या, “काहून छळून राह्यली तिले? दे न कोंबडीचे अंडे तिच्याखाली. तिले का मालूम!”

आणि मी हरले. टोपल्यात नवं कुटार घातलं, आमच्या कोंबड्यांची अंडी ठेवली. वीज कडाडली तर अंडी बिघडतात, म्हणून सासूबाईंनी रीतीप्रमाणं खिळा, कोळशाचा तुकडा आणि लाल मिरची कडेला खोचली. बदक आली, चोचीनं एकेक अंडं पोटाखाली ओढून घेतलं आणि डोळे मिटले. त्या दिवसापासून मी समोर धरलेले तांदूळही ती खायला लागली.

पिल्लं निघाली. काय तिचा थाट! आंगणातून पुढं ती डुलत, मागं पिवळे-काळे गोळे. विहारातून वंदना करून येणाऱ्या बायाही थांबून बघायच्या. मला तर असं झालं होतं की, जिंकलो आपण, वाचली ही.

मग एका सकाळी मी सुपात हरभरा पाखडत होते, तेव्हा ती पिल्लं घेऊन गुरांच्या टाक्याकडं निघाली. टाकं जमिनीत गाडलेलं, काठ जेमतेम वीतभर वर. ती चढली आणि सरळ पाण्यात उतरली. पिल्लं चिवचिवत कशीबशी काठावर चढली आणि तिथंच थबकली. ती मधोमध पोहत त्यांना बोलवायला लागली. बारीक, गोड, लाडाचा आवाज. असा आवाज मी तिच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. पिल्लं काठावरून इकडं पळत, तिकडं पळत, रडत होती. ती बोलवतच होती. आई दुसरं काय करणार?

मी सूप टाकून धावले. पण एक पिल्लू, तेच, जे कायम तिच्या पायात घोटाळायचं, त्यानं उडी मारली.

मी पोचेपर्यंत ते भिजून जड झालं होतं. आणि ती? एक तरी आलं म्हणून ती हरखून गेली होती. त्याच्याभोवती गोल गोल फिरत होती, चोचीनं त्याला हळूच पुढं ढकलत होती, त्याच्याशी बोलत होती. मी टाक्यात उतरून ते उचललं, पदरात घेऊन पुसलं, चोळलं, तोंडानं ऊब दिली. काही नाही. मान लुळी पडली होती.

“अरे, पाणी सोड टाक्यातलं, पाणी सोड!” सासूबाई ओसरीवरून ओरडत होत्या. ह्यांनी धावत येऊन उताराकडचं बूच काढलं.

काठावरची भित्री पिल्लं सगळी वाचली. तिचं ऐकलं ते एकटंच गेलं. मी कमरेएवढ्या पाण्यात ते हातात धरून उभी होते, आणि ती माझ्याभोवती पोहत बाकीच्यांना अजून हाका मारत होती, त्याच लाडाच्या आवाजात.