बायकोला हिंदीत आठवताना

बायको गेल्यापासून मला तिचे फक्त हॉस्पिटलातले शेवटचे दिवस आठवतात. तोंडात नळी, आणि ती ओढून काढू नये म्हणून पलंगाला बांधलेले हात. आधीचा सगळा संसार कुणी ओल्या फडक्याने पुसावा तसा गेला. आणि घराण्यात मी किस्से सांगणारा म्हणून प्रसिद्ध! लग्नकार्यात लोक जेवण सोडून माझ्याभोवती बसायचे. निदान माझा तसा समज होता.

"बाबा, मतलब... तुम्ही कुणाशी तरी बोला ना," मुलगी म्हणाली. म्हणून आमच्या शास्त्री नगरातल्याच एका थेरपिस्ट बाईंकडे जाऊ लागलो. बाई जयपूरच्या, बोलणं सगळं हिंदीत.

आजारपणाच्या आधीची एखादी साधी आठवण सांगा, म्हणाल्या. मी संक्रांतीचा किस्सा काढला. गच्चीवर मी पतंग उडवतोय, ही मांजाची चरखी धरून उभी, शेजाऱ्याने दगा देऊन पतंग कापला. नेहमीच्या जागी मी हशासाठी थांबलो. बाई हसल्या नाहीत.

"सर, ये तो आप सुना रहे हैं. याद नहीं कर रहे."

राग गिळून पुन्हा सुरुवात केली. त्या वेळी मिसेस काय बोलत होत्या, असं बाईंनी विचारलं. मी हिंदीत सांगू लागलो, तर ही "अजी, सुनते हो" म्हणत मालिकेतल्या सुनेसारखी पदर सावरू लागली. जन्मात तिने मला अजी म्हटलं नव्हतं. माझा बांध फुटला. आता हीपण गेली. नळीवाली तेवढी उरली.

बाईंनी पाणी दिलं. मराठीत बोला, म्हणाल्या, मला नाही कळलं तरी चालेल. डोळे मिटा. हातात काय आहे?

मांजा. बोटाला कापतोय. डोळ्यांवर ऊन. डावीकडे ही, दोन्ही हातांत चरखी.

"अहो, नाक खाजतंय माझं! खाजवा ना!"

"थांब गं, पेच लागलाय."

"खड्ड्यात गेला तुमचा पेच! आधी नाक!"

आवाज तिचाच. मी मांजा सोडून तिचं नाक खाजवलं. पतंग गेला तो त्यामुळे; शेजारी बिचारा निर्दोष.

आणि लगेच नळीवाली समोर आली. हॉस्पिटलात हात बांधलेले, तोंडात नळी. तेव्हाही नाक खाजलं असेल. कसं सांगणार होती? आणि मी शेजारी बसून मॉनिटरवरचे आकडे बघत होतो.

हे मी बाईंना हिंदीत जवळजवळ ओरडूनच सांगितलं. त्यांनी समजूत घातली नाही. तिथेही जाऊ, म्हणाल्या, मी बरोबर असेन. पण आधी एकदा परत गच्चीवर.

डोळे मिटले. ऊन आलं, मांजा आला, चरखीही आली. ही येईना. मी, पन्नाशी उलटलेला माणूस, परक्या बाईंसमोर हवेत बोट धरून बसलो होतो आणि मनातल्या मनात विनवत होतो, बोल गं, कुठे खाजतंय?